सोमवारची धूळ

निरंजनने आईसमोर कोरा कागद ठेवला आणि त्यावर पूर्ण नाव लिहून सही करायला सांगितली, तेव्हा हेमलताबाईंच्या मनात पाल चुकचुकली.

बँकेला नमुना हवा आहे, असं तो म्हणाला. बँकेने सही मागणं केव्हाच बंद केलं होतं. आता सगळा कारभार डोळा आणि अंगठा दाखवून चालायचा.  हेमलताबाईंचे वडील तहसील कचेरीत कारकून होते. कोऱ्या कागदावर सही करू नये, करावीच लागली तर वरखालची जागा रेघा मारून बंद करावी, असं त्यांनी पोरींना लहानपणीच शिकवून ठेवलं होतं. हेमलताबाईंनी नाव लिहिलं, सही केली आणि उरलेल्या कागदावर आडव्या रेघा ओढून टाकल्या. निरंजनला त्याचं काहीच वाटलं नाही. कागद त्याने उजेडाकडे धरून नीट पाहिला, अक्षरावरून बोट फिरवलं आणि प्रसादाची पुडी ठेवावी तसा खिशात ठेवला.

ही गोष्ट एकटी असती तर त्या विसरल्या असत्या. पण गेले काही महिने मुलगा आणि सून हैदराबादेहून वरचेवर येऊ लागले होते, आणि दर खेपेला काहीतरी नवं चालायचं. ऋजुताने एकदा खेळ म्हणून झाकणाच्या डब्या आणल्या. डोळे मिटून वास घ्यायचा आणि आत काय ते सांगायचं. लवंग, कॉफी, संत्र्याची साल, हिंग. हेमलताबाईंनी सगळं बरोबर ओळखलं, वर हिंग भेसळीचा आहे हेही सांगितलं. सुनेने हसून टाळी दिली, पण तिचं हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. दुसऱ्या खेपेला त्या फाटकापाशी भाजी घ्यायला गेल्या, तर ऋजुता व्हरांड्यात फोन धरून उभी. जास्वंदीचा फोटो काढते आहे म्हणाली. जास्वंद डावीकडे होती आणि फोन उजवीकडे, सासूच्या चालण्याकडे.

आणि त्या गोळ्या. निरंजन जीवनसत्त्वाच्या म्हणून गोळ्या घेऊन आला, पण पाकिटावरचं नाव कुणीतरी नखाने खरवडलेलं होतं. रोज सकाळी फोन करून विचारायचा, "घेतली ना गोळी?" हेमलताबाई घेतली म्हणून सांगायच्या आणि गोळी चष्म्याच्या जुन्या घरात टाकायच्या.

प्रतापनगरातलं हे घर त्यांनी आणि त्यांच्या यजमानांनी, मधुकररावांनी, पगारातून बांधलं होतं. तेव्हा आजूबाजूला मोकळी जमीन होती. उन्हाळ्यात कूलरच्या वाळ्याचा ओला वास घरभर यायचा, आणि वीज गेली की सगळी आळी गच्चीवर गाद्या टाकायची. आता दोन्ही बाजूंना इमारती उठल्या होत्या आणि मधलं हे बसकं घर बिल्डर लोकांच्या डोळ्यांत खुपत होतं.

शेजारच्या इमारतीतल्या ढोकबाईंना त्यांनी हे सगळं सांगितलं. सांगायला नको होतं, हे सांगता सांगताच त्यांना कळलं.

"वैरागडे ताई, मी काय सांगून राहिली ते ऐका," ढोकबाई म्हणाल्या. "माझा मोठा असाच रबडी आणून राहिला होता. आई खा, आई खा. रबडी संपली अन् घरही संपलं. आता मी नवव्या मजल्यावर आणि तो अमेरिकेत. रबडी कुठं मिळत नाही तिथं, म्हणतो."

हेमलताबाई हसल्या. घरी आल्यावर मात्र कपाटातली घराची कागदपत्रं जागेवर आहेत का ते पाहून आल्या, आणि पाहिल्याबद्दल स्वतःवरच चिडल्या. निरंजन तसा नव्हता. पण ढोकबाईंचा मुलगाही तसा नव्हता.

शेवटी त्यांनी एक गोळी उचलली आणि गुल्हाने मेडिकलच्या मुलीपुढे ठेवली. मुलीने गोळी काचेखाली धरली. यंत्राने ती ओळखली.

"काकू, ही कुणासाठी?"

"का?"

मुलीने यंत्रावरचं वाचून सांगितलं. ही गोळी कंपवातावरची होती, नवी. मेंदूत प्रथिनांचा जो गुंता होत जातो तो ही वाढू देत नाही. पण हात थरथरायला लागण्याआधी, बरीच वर्षं आधी सुरू केली तरच. एकदा कंप सुरू झाला की हिचा फारसा उपयोग नाही.

हेमलताबाई दुकानाच्या पायरीवर बसल्या. अक्षर बारीक होत जाणं, वास न येणं, चालताना हात न हलणं, ही कंपवाताची पहिली लक्षणं. सही, डब्या, जास्वंदीचा फोटो. सगळं आपापल्या जागी जाऊन बसलं. घराचा संशय फिटला आणि त्याच्या जागी दुसरा येऊन बसला. मला काही होत नसताना या दोघांना कळलं कसं?

घरी येऊन त्यांची नजर दिवाणाशेजारच्या पांढऱ्या डब्यावर गेली, आणि उत्तर तिथेच होतं.

ते यंत्र वाढदिवसाला निरंजननेच आणलं होतं. लोक त्याला पारखी म्हणायचे. हवेतली बुरशी आणि परागकण मोजतं, तुझ्या शिंकांसाठी बरं, असं तो म्हणाला होता. हेमलताबाईंना तेव्हा आनंदच झाला होता, कारण त्या डब्याच्या पोटात जी विद्या होती तिच्यात त्यांच्याही आयुष्याची उमेदीची वर्षं होती.

हेमलताबाईंनी नोकरीभर म्हाताऱ्या ताऱ्यांची धूळ अभ्यासली होती. सूर्यासारखा तारा म्हातारा झाला की फुगतो आणि लाल होतो. त्याचं बाहेरचं अंग मध्यापासून इतकं लांब जातं की ते धरून ठेवायचं बळ मध्यात उरत नाही. तारा भात्यासारखा फुगतो, आकसतो, आणि दर श्वासाला थोडा वायू वर फेकला जातो. वर गारवा असतो. गारवा म्हणजे ताऱ्याच्या मानाने. आपल्याकडचं तांबं तिथेही वितळायला येईल. पण तेवढ्या गारव्यात वायूतले अणू एकमेकांना चिकटू लागतात आणि कंदिलाच्या काचेवर काजळी धरावी तशी धूळ धरते. मग त्या धुळीला ताऱ्याचाच उजेड बाहेर ढकलतो, जाताना ती वायूलाही ओढून नेते, आणि तारा आपलं निम्मं अंग असं हळूहळू उधळून टाकतो. स्वतःच्याच धुळीत तो इतका झाकला जातो की साध्या डोळ्यांना मंद होत गेलेला दिसतो. उष्णता टिपणाऱ्या दुर्बिणीला मात्र तो राखेखालच्या निखाऱ्यासारखा ठळक दिसतो.

ही धूळ वाया जात नाही. तिच्यातूनच पुढचे तारे आणि ग्रह घडतात. आपला सूर्य जन्मला तेव्हा त्याच्याभोवतीच्या ढगात अशा कित्येक जुन्या ताऱ्यांची धूळ होती. तिच्यातले काही कण उल्कांच्या दगडात जसेच्या तसे अडकून राहिले आणि ते दगड पृथ्वीवर पडले. हेमलताबाई आणि त्यांचे सहकारी असा दगड आम्लात विरघळवून मागे उरणारे कण वेचत. डोळ्यांनी दिसतही नाही असा तो कण. पण त्यातला जड कार्बन आणि हलका कार्बन यांचं प्रमाण त्याच्या ताऱ्याचं म्हणून वेगळंच असतं. ते मोजलं की कण कुठल्या तऱ्हेच्या ताऱ्यातून आला ते सांगता येतं. प्रयोगशाळेत या कामाला ते कणाची आई शोधणं म्हणत.

एकेक कण तापवून त्यातले अणू वजनाप्रमाणे वेगळे करायचं यंत्र तेव्हा खोलीएवढं होतं. पुढे ते कपाटाएवढं झालं, मग कुकरएवढं, आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की माणूसही ताऱ्यासारखाच झडत असतो. घरातल्या धुळीत आपली कातडी असते, कातडीवरचं तेल असतं, आणि काही आजारांत हे तेल आजार दिसण्याच्या कितीतरी आधी बदलतं. पारखी धूळ ओढून घ्यायचं, कण वेगळे करायचं आणि सांगायचं.

पहिल्या वर्षात या यंत्राने जो गोंधळ घातला तो हेमलताबाईंना चांगला आठवत होता. लग्न ठरवायला आलेले पाहुणे कांदेपोहे खाता खाता सतरंजीवर हात फिरवून जायचे. घरमालक भाडेकरूची धूळ न्यायचे, विम्यावाले सोफ्याची उशी मागायचे. नवऱ्याच्या गाडीतल्या धुळीवरून घटस्फोट झाले. मग कायदा आला. कण कुणाचा आहे ते सांगायला घरगुती यंत्रांना बंदी झाली. धुळीत काय आहे तेवढंच सांगायचं. त्या समितीपुढे हेमलताबाई स्वतः बोलल्या होत्या. माणसाची धूळ त्याला विचारल्याशिवाय वाचू नये, आणि आपल्या धुळीत काय लिहिलं आहे हे कळून न घेण्याचाही माणसाला हक्क असावा, असं त्यांनी सांगितलं होतं. निरंजनला ते भाषण फार आवडलं होतं.

पुढच्या शनिवारी तो एकटाच आला. हेमलताबाईंनी दूध गॅसवर ठेवलं, त्याला लक्ष ठेवायला सांगितलं आणि त्या देवापुढे फुलं ठेवायला गेल्या. जळका वास आला म्हणून धावत आल्या, तर दूध उतू जाऊन तळाला करपलं होतं आणि निरंजन शेजारीच फोनमध्ये मान घालून बसला होता. लहानपणापासून असाच, असं म्हणून त्यांनी पातेलं घासायला टाकलं.

जेवण झाल्यावर त्यांनी चष्म्याचं घर त्याच्यासमोर उघडून ठेवलं.

निरंजन गोळ्यांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "एकही नाही घेतलीस?"

"घराच्या कागदावर सही घेतोस असं वाटलं मला. विष देत नाहीस ना, एवढंच बघायचं राहिलं होतं."

त्याचा चेहरा उतरला. मग त्याने सगळं सांगितलं, तुटक तुटक, खाली बघून. पारखीमध्ये परागकण मोजायची सोय होती, पण त्याने आजारांचीही चालू करून ठेवली होती. बाबांचा आजार कळला तेव्हा फार उशीर झाला होता, तसं तुझं होऊ नये म्हणून. आणि दुसऱ्याच महिन्यात कंपवाताची खूण आली. त्याने पुन्हा पाहिलं, पुन्हा तेच. डॉक्टर मित्राकडून औषध लिहून घेतलं. आईला सांगायचं धाडस मात्र झालं नाही.

"मी कुणाकुणापुढे जाऊन काय बोलले होते ते तुला माहीत होतं," हेमलताबाई म्हणाल्या.

"माहीत होतं म्हणूनच नाही सांगितलं. तू म्हणाली असतीस, मला कळून घ्यायचं नाही. मग मी काय केलं असतं?"

 हेमलताबाईंनी चष्म्याचं घर मिटलं आणि विचारलं, "माझंच आहे कशावरून? यंत्र नाव सांगत नाही."

निरंजन म्हणाला, त्याचाही त्याने विचार केला होता. तो आणि ऋजुता येऊन जातात, ढोकबाई येतात. म्हणून तर त्याने यंत्राला सोमवारी सकाळीच धूळ घ्यायला लावलं होतं. ते दोघं रविवारी निघतात. ते गेल्यावर घर झाडलं जातं. सोमवारी घरात असते ती फक्त आईची धूळ.

मुलगा हुशार होता. हेमलताबाईंना अशाही अवस्थेत जरा बरं वाटलं.

त्यानंतरचे दिवस त्यांचे स्वतःवरच्याच संशयात गेले. चहाचा कप उचलताना हाताकडे लक्ष जायचं. फोडणीचा वास आला की हायसं वाटायचं, आणि नाही आला तर तेल तापलं नाही की आपलं नाक गेलं, हे कळायचं नाही. ज्यांच्यावर संशय होता त्यांच्यापासून निदान दार लावून बसता येत होतं. आता दार कुठलं लावणार?

त्यांनी डॉक्टर गाठला. मानेमागच्या कातडीवरून कापसाची काडी फिरवली की ते तेल थेट तपासता येत होतं. धुळीपेक्षा ते कितीतरी खात्रीचं. मेंदूचं चित्रही काढलं. तरुण डॉक्टरने दोन्ही अहवाल वाचले आणि म्हणाला की आजी, तुमच्यात कंपवाताची खूण कुठेच नाही, तुमचं नाक माझ्यापेक्षा चांगलं आहे.

निरंजन आणि ऋजुता धावत आले. निरंजन पेढे घेऊन आला, आळीत वाटले, ढोकबाईंना दोन जास्त दिले. त्या कंपनीला कोर्टात खेचतो म्हणाला. आईच्या मांडीवर डोकं ठेवून दिवाणावर आडवा झाला आणि लहान मुलासारखा गाढ झोपला. ऋजुताने सासूचे पाय धरले, डब्यांच्या खेळाबद्दल माफी मागितली. हेमलताबाईंनी तिला जवळ घेतलं. घरात सणासारखं वातावरण होतं.

पण हेमलताबाईंना पेढा गोड लागेना.

यंत्र चुकलं, असं सगळे म्हणत होते. यंत्रं चुकतात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. पण एकदा चुकलेलं यंत्र दर वेळी तीच चूक त्याच जागी करत नाही. कण होता तर तो कुठून तरी आलेला होता. प्रयोगशाळेत असं झालं की कणाला खोटं म्हणायची पद्धत नव्हती. आपण त्याची आई चुकीची ठरवली, असं धरून पुन्हा शोधायला लागायचं.

रविवारी दुपारी दोघं निघाले. निरंजन फाटकातून मागे वळून हसला. गाडी दिसेनाशी झाल्यावर हेमलताबाई आत आल्या. पेढ्यांचे कागद, सांडलेला चिवडा, दिवाणावरची चुरगळलेली चादर. हा विषय आता झाडूनच टाकावा, असं म्हणून त्यांनी कोपऱ्यातला झाडू उचलला.

आणि हात आपोआप थांबला, जसा तो आयुष्यभर थांबत आला होता.

माणूस गावाला गेला की लगेच झाडू नये, आई म्हणायची. माणूस गेल्याबरोबर घर झाडायचं ते फक्त मयत उचलल्यावर. एरवी त्याची पावलं घरात एक रात्र राहू द्यावीत, म्हणजे तो सुखरूप पोचतो आणि परत येतो. हेमलताबाईंनी ताऱ्यांची वयं काढली, उल्का विरघळवल्या, पण हा नियम कधी मोडला नव्हता. तो खरा नाही हे त्यांना माहीत होतं. मधुकरराव दौऱ्यावर गेले की त्या झाडू बाजूला ठेवायच्या. निरंजन हॉस्टेलला गेला त्या दिवशीही ठेवला होता. सोमवारी आंघोळ, देवपूजा, चहा झाल्यावर मग सावकाश घर झाडायचं. तोवर पारखीची सकाळची वेळ होऊन गेलेली असायची.

त्या तशाच झाडू धरून उभ्या राहिल्या.

निरंजन याच घरात वाढला होता. पाहुणे गेले की घर केव्हा झाडतात हे त्याला ठाऊक असायला हवं होतं. पण त्याच्या हातात कधी कुणी झाडू दिलाच नव्हता. आजीने नाही, आईनेही नाही. घर आपोआप स्वच्छ होतं असं समजणाऱ्या मुलाने सोमवारची धूळ आईची धरली होती, आणि ती धूळ रविवारच्या पाहुण्यांची होती.

त्यांनी आधी घराचं इंटरनेट बंद केलं, म्हणजे वाचलेलं काही हैदराबादेला पोचणार नाही. मग पारखीची नळी काढली. स्वतःच्या पलंगाची उशी, चादर, रोजची खुर्ची. काही नाही. ऋजुता झोपते ती आतली खाट. काही नाही. मग दिवाण, जिथे निरंजन दर खेपेला झोपायचा, कारण तिथे कूलरचा वारा थेट येतो.

यंत्राला थोडा वेळ लागला. हेमलताबाई समोर बसून राहिल्या. पडद्यावर जी रेघ उमटली ती वाचायला त्यांना चष्मा लागला नाही. करपलेल्या दुधाचा वास त्यांना आठवला, आणि त्या वासात निवांत बसलेला मुलगा.

तो तर पन्नाशीलाही पोचला नव्हता. पण ताऱ्यांचं वय त्यांच्या जन्मावरून मोजता येत नाही, हे त्या स्वतः विद्यार्थ्यांना शिकवत आल्या होत्या. ज्याच्या अंगावर भार जास्त तो आपलं इंधन लवकर संपवतो. हलका तारा मागे लुकलुकत राहतो आणि त्याच्यानंतर जन्मलेला जड तारा त्याच्या आधी झडू लागतो. शिकवताना यात काही वाईट आहे असं कधी वाटलं नव्हतं.

रात्री उशिरा निरंजनचा पोचल्याचा फोन आला. आवाज हलका, मोकळा. बऱ्याच महिन्यांनी शांत झोप लागेल आज, म्हणाला. हेमलताबाई हो हो म्हणत राहिल्या. फोन ठेवल्यावर त्यांना वाटलं, राहू द्यावं. आपणच तर म्हटलं होतं, कळून न घेण्याचा हक्क. विचारल्याशिवाय वाचलेली धूळ होती, तीही मुलाची. त्याने आईची चोरून वाचली म्हणून आपण त्याला बोललो, आणि पाठोपाठ तेच केलं. पण औषधाच्या दुकानातल्या मुलीचं बोलणं मनातून जाईना. कंप सुरू झाला की उपयोग नाही. समितीपुढे बोलताना त्यांच्यासमोर कुणाचा चेहरा नव्हता.

सोमवारी उजाडताच त्या गुल्हाने मेडिकलमध्ये गेल्या, मानेवरून फिरवायच्या काड्यांचं पाकीट घेतलं आणि सकाळच्या गाडीने हैदराबादला निघाल्या. घर त्यांनी झाडलं नाही.

वाटेतून त्यांनी एकट्या ऋजुताला फोन केला होता; ती स्टेशनवर घ्यायला आली. आई निरंजनला न कळवता आल्या म्हणजे काहीतरी आहे, हे तिला कळलं होतं. गाडीत हेमलताबाईंनी तिला सांगितलं. ऋजुता रस्त्यावरची नजर न हलवता गाडी चालवत राहिली. मग म्हणाली, गेल्या वर्षापासून निरंजन भाजीला चव नाही म्हणून तिच्यावर चिडतो. तिला वाटत होतं, आता आपण त्याला आवडत नाही. एवढं बोलून तिने गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. हेमलताबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत बसल्या.

निरंजनने दार उघडलं तेव्हा आधी त्याला आनंद झाला, मग त्याने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग बायकोच्या.

"काय झालं? कुणी काय बोललं?"

हेमलताबाईंनी चपला काढल्या, पाणी प्यायल्या आणि त्याला समोर बसवून सगळं सांगितलं. झाडूचं, सोमवारचं, दिवाणाचं. लपवून, घोळवून काही सांगितलं नाही. निरंजन ऐकत राहिला. त्याच्या कपाळावर हळूहळू आठ्या चढल्या.

"तू हे माझ्यावर ढकलते आहेस," तो म्हणाला.

"निरंजन."

"तुझी टेस्ट चुकली असेल. तुला स्वतःचं कबूल करायचं नाही. आणि दिवाणावर काय मी एकटाच झोपतो? काल मी तुझ्याच मांडीवर डोकं ठेवून पडलो होतो."

ऋजुता मध्ये बोलायला गेली, हेमलताबाईंनी तिला हाताने थांबवलं. त्यांना राग आला नव्हता. एखाद्या विद्यार्थ्याने हीच शंका काढली असती तर त्यांनी त्याला शाबासकी दिली असती. त्यांनी पिशवीतून पाकीट काढून त्याच्यासमोर ठेवलं.

"मला खोटं ठरव," त्या म्हणाल्या. "मान पुढे कर."

"नाही करायची."

"मग मी खरं बोलते आहे, असं तुलाही वाटतंय."

निरंजन उठून खिडकीपाशी गेला. खाली रस्त्यावर शाळेच्या बस येत होत्या.  हेमलताबाईंनी त्याला बोलावलं नाही. जबरदस्तीने काडी फिरवता आली नसती, आणि आली असती तरी त्यांनी फिरवली नसती. समितीपुढे बोललेलं तेवढं तरी त्या पाळणार होत्या.

"आणि निघालं तर?" त्याने न वळता विचारलं.

"तर त्या गोळ्या तुला खाव्या लागतील. कडू असतात म्हणे. मी काही चाखलेल्या नाहीत."

त्याच्या तोंडून हसण्यासारखा काहीतरी आवाज आला. तो वळला, आईच्या खुर्चीपाशी आला आणि फरशीवर तिच्याकडे पाठ करून बसला. त्याने शर्टाची कॉलर मागे ओढली आणि मान खाली घातली. मानेवरचे केस पांढरे व्हायला लागले होते. ते हेमलताबाईंनी आजवर पाहिले नव्हते.

त्यांनी पाकीट फोडलं, काडी काढली आणि त्याच्या मानेला टेकवली.

"आई," निरंजन म्हणाला, "तुझाच हात थरथरतोय."

"भीतीने थरथरतोय," हेमलताबाई म्हणाल्या. "तू हलू नको."